डाव्या बाजूची कमान

माझ्या चुलत दिराने ट्रक घरापुढून काढला, हातपंपापर्यंत नेला आणि तिथूनच परत आणून होता तिथे लावला. इंजिन बंद करून तो खाली उतरला. समोरच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि टायरवरून हात फिरवत राहिला.

"वहिनी, मी नाई चालवत," तो शेवटी म्हणाला. "स्टिअरिंग सारखं डावीकडं ओढते. टायर पाहा, आतून कसा खाल्ला. समोरचं काम केल्याबिगर मी या गाडीवर बसत नाई."

माझा नवरा ओसरीवर खुर्चीत बसला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला. पाच दिवसांपूर्वी ट्रकवरची ताडपत्री सोडताना तो वरून पडला होता आणि खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं होतं. आणि दहा दिवसांवर नाटक मंडळीचं काम आलं होतं. आमच्या वडशाकडे धान निघालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडळीचे पडदे, मंचाच्या फळ्या, लाइटा गावोगाव पोचवायचं काम आमचा ट्रक गेली सहा वर्षं करत होता. यंदा माझा नवरा बाजूला बसणार आणि दीर चालवणार, असं ठरलं होतं.

"तर मग वडशाले घेऊन जा, मिस्त्रीकडं," मी म्हणाले.

"वडशाले जाणार नाई," नवरा ओसरीवरून म्हणाला. "इथीच करू."

"कोण करन?"

 दीर माझ्याकडे पाहत होता. तो दिवसा राइस मिलमध्ये कामाला जायचा, संध्याकाळीच मोकळा व्हायचा. घरात तिसरं माणूस नव्हतं. मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. मला वाटलं, हा दुखण्याने चिडला आहे, सकाळी ऐकेल. सकाळी तो मला म्हणाला, "तू कर. मी सांगतो तशी कर."

मी आठ दिवस धान कापून आले होते. धानोऱ्याच्या पुढे एका मोठ्या शेतकऱ्याचं धान कापायला आमच्या गावच्या चौदा बायांची टोळी गेली होती. आठ दिवस तिथेच बांधावर ताडपत्रीखाली झोपलो. परत आणायला माझा नवराच ट्रक घेऊन आला होता. घरी आल्यावर मी दोन दिवस नीट उभी राहू शकत नव्हते. बसले की उठवत नव्हतं, उठले की कंबर सरळ होत नव्हती. त्यातून सावरते न सावरते तर हा पडला. दवाखान्याच्या खेपा झाल्या. आणि आता हे. मी नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हणून भांडायलाही अंगात जोर लागतो. त्यापेक्षा पाना हातात घेणं सोपं वाटलं.

दिराने वडशाहून सामान आणून टाकलं होतं. एका पोत्यात पिना, त्या ज्यात बसतात ते पितळी बुश, वायसर, ग्रीसचा डबा आणि एक लांब, काळा, वाकडा लोखंडी पाटा. ट्रकची समोरची कमान अशा एकावर एक ठेवलेल्या पाट्यांची असते. खड्ड्याचा हादरा तीच झेलते. सगळ्यात वरचा पाटा लांब असतो, त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात. त्यात पिना घालून कमान गाडीला टांगलेली असते.

"हा पाटा कशाले?" मी विचारलं.

"लागला तर लागला. असू दे," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी उजवी बाजू. विहाराच्या बांधकामातून उरलेले लाकडी ठोकळे आम्ही मागून आणले. मागच्या चाकांना दगड लावले. जॅक कुठे ठेवायचा ते त्याने पायाच्या अंगठ्याने दाखवलं. चाकाचे नट सुटत नव्हते. पान्याच्या दांड्यात मी पाण्याचा लोखंडी पाइप घातला आणि त्यावर दोन्ही पायांनी उभी राहिले. तरी हलत नव्हते. माझं वजनच किती! मी वर उभी राहून उड्या मारत होते आणि तो खुर्चीतून म्हणत होता, "टोकावर उभी राय. टोकावर. तिथी नाई."

"तुमीच या मग."

"हात असता तर आलो नसतो का?"

दुपारपर्यंत चाक निघालं. नंतर ब्रेकचा भाग मोकळा करून तारेने बाजूला टांगला. माझ्या केसांत, कानांत गंज पडत होता. गाडीखाली उताणं पडून वर हात करून पाना फिरवायचा म्हणजे काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं. धान कापताना निदान हात खाली असतात. इथे दोन मिनिटांत दंड भरून येत. मी हात छातीवर ठेवून तशीच पडून राहायचे. तो विचारायचा, "झालं का?" मी सांगायचे, "नाई." पुन्हा थोड्या वेळाने, "झालं का?"

लग्नाला तेवीस वर्षं झाली. त्याच्या ट्रकला मी बाहेरून फडकं मारायचे, पुढे हार घालायचे, बस्स. खाली काय आहे ते त्याचं राज्य. तो चांगला शिकवणारा नव्हता. जी गोष्ट त्याच्या हाताला माहीत होती ती त्याच्या तोंडाला सांगता येत नव्हती. "ते नाई, ते दुसरं," म्हणायचा. मग दोन्ही हातांनी दाखवायला जायचा आणि दुखून गप्प व्हायचा. एकदा दुखलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं.

दुसरा दिवस किंगपिनने खाल्ला. ही मनगटाएवढी जाड पिन. चाक ज्या लोखंडी दांड्यावर फिरतं तो दांडा या पिनेवर डावीकडे-उजवीकडे वळतो. पिन झिजली म्हणून गाडी ओढत होती. ती खालून वर ठोकून काढायची होती. मी सुंबा, म्हणजे बोथट लोखंडी खुंटी, खालून लावायचे आणि हातोडा मारायचे. सकाळी आठ ते अकरा, पिन केसभर हलली नाही. घासलेट ओतलं. चहा प्यायले. पुन्हा ठोकलं. हाताला झिणझिण्या येऊन हातोडा दोनदा सुटला.

आमच्या शेजारी ढिवराचं घर आहे. शेजारचे भाऊ साठीच्या पलीकडचे, पण तळ्यात जाळं ओढून ओढून खांदे अजून बैलासारखे. ते तळ्यावरून परत येत होते. टोपलं खाली ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

"बाई, काय करून राह्यली तू?"

"पिन काढून राह्यली, भाऊ."

"आन हा?"

"सांगून राह्यला."

ते हसले नाहीत. टोपलं आमच्याच ओसरीवर सावलीत ठेवलं, घरून दगड फोडायचा घन आणला आणि म्हणाले, "तू ते धर. मी मारतो." मी सुंबा धरला. घन पडायचा तेव्हा माझ्या दातांपर्यंत हादरा यायचा. मी डोळे मिटून घ्यायचे. नवरा म्हणाला, "भाऊ, जपून, तिच्या हातावर नका मारू," आणि भाऊ म्हणाले, "चूप बस ना तू." अकराव्या की बाराव्या घावाला आतून वेगळा आवाज आला, भरड आणि पोकळ. पिन बोटभर वर आली होती.

भाऊंनी घाम पुसला, टोपलं उचललं. दोन मासोळ्या ओसरीच्या कडेला ठेवून ते निघून गेले. त्या संध्याकाळी दिराने तो दांडा वडशाला लेथवर नेला, नवे बुश बसवून दुसऱ्या दिवशी आणला. त्या मधल्या दिवसात मी उजव्या कमानीच्या पिना आणि बुश बदलले. चौथ्या दिवशी उजवी बाजू पूर्ण झाली. चाक चढलं. नट आवळून मी खाली उतरले आणि चाकालाच पाठ टेकून बसले.

"चांगलं केलं," नवरा म्हणाला. मग थोडं थांबून, "डाव्या बाजूचं राहू दे आता. तिचं एवढं काई नाई. मी हात बरा झाल्यावर करतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. "भावजी तर म्हणे डावीकडं ओढते."

"उजवी झाली ना, आता नाई ओढणार."

हे खरं नाही, एवढं मला चार दिवसांत कळायला लागलं होतं. पण मला तेव्हा काही संशय आला नाही. मला वाटलं त्याला माझी दया आली. आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. रात्रभर मी तेच धरून झोपले. पण सकाळी वाटलं, एवढं अंग मोडून अर्धं काम ठेवायचं आणि दीर पुन्हा हातपंपापर्यंत नेऊन परत आणून लावणार. नवरा आत तोंड धूत होता. मी त्याला न विचारता जॅक डाव्या बाजूला लावला.

चाक निघालं. आत कमान चिखलाने आणि ग्रीसने भरलेली होती. पोत्याचा एक तुकडा तिला गुंडाळलेला दिसला. मी तो ओढला तर निघेना. आत तार होती. जाड तार, एकाला एक लागून वेढे दिलेली, वर फाटक्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. फार नीट बांधली होती. त्याच्या हाताची गाठ मी ओळखते, ताडपत्रीला तो तशीच मारतो. पट्टी कापून मी तार सोडली आणि सगळ्यात वरचा पाटा दोन तुकडे होऊन खाली लोंबला.

मी वळले. तो दारात उभा होता. डाव्या हातात टॉवेल.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

तो ओसरी उतरून आला, पण जवळ आला नाही.

"धानोऱ्याच्या रस्त्याले. रानात. तो मोठा खड्डा आहे ना, मोरीपाशी."

"जाताना का येताना?"

त्याने हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. तेवढ्यात मला उत्तर कळलं होतं.

"जाताना," तो म्हणाला. "तुमाले आणाले येऊन राह्यलो होतो."

मी खाली बसले. त्या दिवशीची परतीची वाट मला आठवली. चौदा बाया, चौदा गाठोडी, विळे, भांडी. मजुरीत मिळालेल्या धानाची पोती. आम्ही पोत्यांवर बसलो होतो. दोघी-तिघी गाणं म्हणत होत्या. मी झोपले होते, कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून. गाडी फार हळू चालली होती, ते मला झोपेतही जाणवलं होतं. कठाणी नदीच्या पुलावर जाग आली तेव्हा खाली पाणी दिसलं होतं. पाटा सुटला असता तर चाक वळलं असतं आणि मग कुणाच्या हातात काही राहिलं नसतं.

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर बसल्या असत्या का तुमी?"

"नाई."

"मग? रानात ठेवून येऊ तुमाले? संध्याकाळ होऊन राह्यली होती. त्या रस्त्याले वाघ फिरते. दुसरी गाडी कुठून आणतो? फोन लागत नाई तिथी." तो भराभर बोलत होता. हे सगळं त्याने मनात किती वेळा म्हटलं असेल. "मी बांधलं ना नीट. वीसच्या वर नाई नेली. साऱ्या रस्त्यानं हात घट्ट धरून होतो मी. घरी आलो तर बोटं उघडत नव्हती माही."

"म्हणून मिस्त्रीकडं नेत नव्हते."

"त्यानं पाह्यलं असतं तर अख्ख्या वडशाले सांगतलं असतं."

"आन माह्यापासून लपवाले उजवी बाजू पयले काढली. मले वाटलं तुमाले माही दया आली."

 मी पाना तिथेच टाकला. हात धुतले नाहीत. आत जाऊन चटईवर पडले आणि भिंतीकडे तोंड केलं. राग आला होता असंही म्हणता येत नाही. रागाला उठून बसावं लागतं. एवढंच वाटत होतं की आता कुणी मला काही सांगू नये, आणि कुणी काही विचारू नये. तो दिवसभर ओसरीवरच होता. स्वयंपाक झाला नाही. ट्रक एका बाजूने ठोकळ्यांवर, चाक नसलेला, तसाच उभा राहिला. शेजारचे भाऊ एकदा येऊन गेले. मी त्यांचा आवाज ऐकला, "काय झालं?" आणि नवऱ्याचा, "काई नाई, भाऊ. थकली ती."

ऊन कलल्यावर मी उठले आणि टोळीच्या मोठ्या बाईंकडे गेले. आमच्या टोळीचं काम त्याच ठरवतात. कुठे जायचं, किती दिवस, कोणाला न्यायचं. त्या अंगणात धान पाखडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाटा तुटला होता, तारेने बांधला होता, आम्हाला सांगितलं नव्हतं. माझे हात काळे होते ते त्या पाहत होत्या.

सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "वाजत होता तो."

"काय?"

"पाटा. मी डाव्याच बाजूले बसली होती. माह्या घरी चाळीस वर्सं बैलबंडी होती. लोखंड कधी कसं बोलते मले कळते. काई तरी मोडलं एवढं समजलं होतं."

"मग तुमी बोलल्या काऊन नाई?"

त्यांनी सुपातले खडे वेचत उत्तर दिलं. "आठ दिवस वाकून होतो, वो. बोलली असती तर गाडी थांबवा लागली असती. थांबवली असती तर उतरा लागलं असतं. उतराची ताकद कोणात होती? मी म्हटलं, जाते तोवर जाऊ दे."

मी त्यांच्याजवळ बसले. आता कोणत्याच गोष्टीचा मला राग धरता येत नव्हता, असं वाटलं. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

"त्यानं सांगाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. "मी तर बसलीच असती. अर्ध्या बाया बसल्याच असत्या. पर सांगाले पायजे होतं. ज्याचा जीव त्याले विचाराले पायजे."

घरी येऊन मी त्याला हे जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकत राहिला. नंतर म्हणाला, "मी जातो उद्या. साऱ्यायकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारातली वंदना लाउडस्पीकरवर चालू असतानाच तो निघाला, गळ्यात बांधलेल्या हातासह. मी थांबले नाही. तुटलेला पाटा काढला, नवा पाटा बाकीच्या पाट्यांवर बसवला, मधला बोल्ट घातला. आता मला विचारावं लागत नव्हतं. उजव्या बाजूला ज्याला चार दिवस लागले ते इथे हाताला पाठ झालं होतं. हा पाटा जड, एकटीला उचलत नव्हता, म्हणून जॅकवर ठेवून थोडा थोडा वर नेला. एकदा घसरला आणि बोटाचं नख निघालं. पदराची चिंधी बांधली.

तो दुपारी परत आला. ओसरीवर गेला नाही, खुर्ची घेतली नाही. माझ्याजवळ मातीतच बसला आणि डाव्या हाताने पिनांना ग्रीस लावून एकेक माझ्या हातात देऊ लागला.

"काय म्हणाल्या?" बऱ्याच वेळाने मी विचारलं.

"कोणी काई म्हटलं, कोणी काई. एकीनं चहा देल्ला. एकीच्या नवऱ्यानं शिव्या देल्ल्या."

"मग?"

"मग काय. ऐकल्या."

डावी किंगपिन काढायला भाऊ पुन्हा घन घेऊन आले. ही पाच घावांत निघाली, कारण ती इतकी झिजली होती की आतच खुळखुळत होती. भाऊंनी ती तळहातावर घेऊन पाहिली, नवऱ्याला दाखवली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

सातव्या दिवशी संध्याकाळी दिराने ट्रक काढला. हातपंपाच्या पुढे गेला, सडकेला लागला, दिसेनासा झाला. आम्ही दोघं दारात उभे होतो. तो परत आला तेव्हा खिडकीतून एक हात बाहेर काढून दुसऱ्या हाताचं एकच बोट स्टिअरिंगवर ठेवून चालवत होता, आम्हाला दाखवायला. "लोण्यासारखी चालते, वहिनी," तो ओरडला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. मला फक्त आठवतं की मी आत गेले, राखेने हात घासले, ते निघाले नाहीत, आणि तशाच हातांनी भात टाकला.

नाटकांचा हंगाम नीट पार पडला. नवरा दिराच्या बाजूला बसून गेला, पुढे हात बरा झाल्यावर स्वतः चालवू लागला. माझी बोटं मात्र महिनाभर पूर्ण मिटत नव्हती. भाकर थापताना कळायचं.

पुढच्या कापणीला टोळी पुन्हा निघाली, तेव्हा मोठ्या बाईंनी ट्रकच सांगितला. तेरा जणी चढल्या. एक चढली नाही. पाटा तुटला त्या दिवशी परत येताना ती आपलं सहा महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन पोत्यांवर बसली होती. माझा नवरा तिच्या घरी गेला होता तेव्हा तिने ऐकून घेतलं होतं, रागावली नव्हती, पाणीही दिलं होतं. पण आमच्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. ती एसटीने जाते, फाट्यावर उतरते आणि तिथून शेतापर्यंत दोन कोस चालते. आम्ही पोचल्यावर तासा-दीड तासाने बांधावरून येताना दिसते, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू. मोठ्या बाई तिची पात, तिच्या वाट्याची कापायची ओळ, राखून ठेवतात. मी तिला समजवायला कधी गेले नाही.